किंमत चिपची की कुलपाची?

१९९० नंतरच्या दशकात वऱ्हाडातील काही घरांत दूरदर्शन संचाला जोडावयाच्या जपानी खेळयंत्राच्या नकला येऊन पोहोचल्या होत्या. त्यांत बसवायच्या कार्ट्रिजवर हजारो खेळांची जाहिरात असे. प्रत्यक्षात तेच मोजके खेळ फिरून येत. ती डबी थोडक्या रुपयांत मिळे. त्याच सुमारास अमेरिकेत एकाच खेळाच्या अस्सल कार्ट्रिजला चाळीस-साठ डॉलर मोजावे लागत. "सर, एवढा फरक कशामुळे?" हा एका विद्यार्थ्याचा प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल, परंतु संग्रामपूरच्या कापूस उत्पादकाचा हिशेबही त्याच्या उत्तरात दडलेला आहे.

कार्ट्रिज म्हणजे रिकामी फीत नव्हे. तिच्यातील चिपवर खेळ कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. खेळ जितका विस्तृत, तितकी चिप महाग. मागणी आगाऊ नोंदवून माल हाती येण्यास कित्येक आठवडे लागत. आणि तो न खपल्यास कोरलेली चिप दुसऱ्या कामाची राहत नसे. १९८८ साली चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कित्येक खेळ लांबणीवर पडले. हा सारा धोका किमतीत मिळवला जाई.

परंतु केवळ उत्पादनखर्चाने कोडे सुटत नाही. निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या यंत्रात एक कुलूप-चिप होती. तिची जोडचिप नसलेली डबी त्यात चालत नसे. इतर कंपन्यांच्या खेळांच्या डब्याही निन्टेन्डोच बनवून देई, किमान मागणी ठरवी आणि आपले शुल्क घेई. म्हणजे ग्राहक चिपबरोबर कुलपाचेही भाडे भरत होता. १९९४ साली सोनीने प्लेस्टेशन आणले. त्याच्या तबकडीचा खर्च कार्ट्रिजच्या मानाने किरकोळ होता. खेळांच्या किमती उतरल्या खऱ्या, पण त्या प्रमाणात नव्हेत. परवान्याचे शुल्क कायमच होते.

आता आपल्या शेताकडे वळू. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत सुमारे १,६०० रुपयांच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे १,२५० रुपये तंत्रज्ञानमूल्याचे होते. बियाणे स्वस्त, कुलूप महाग! २००६ साली आंध्र प्रदेशच्या तक्रारीनंतर पाकीट ७५० रुपयांवर आले. २०१६ च्या हंगामासाठी केंद्राने ८०० रुपये किंमत व त्यात ४९ रुपये तंत्रज्ञानमूल्य ठरवले, आणि २०२० साली ते मूल्य शून्यावर आणले. अर्थात नियंत्रणालाही किंमत असते: २०१६ सालीच मॉन्सँटोने नव्या कापूस तंत्रज्ञानाचा मान्यता-अर्ज मागे घेतला.

मग चोरवाट धरावी काय? नकली डबी फसली तर मुलाची एक दुपार वाया जाते. विनामान्यता, विनापावतीचे बियाणे फसले तर कुटुंबाचे वर्ष जाते, आणि दाद मागायला हाती कागदही उरत नाही. मक्तेदारीला उत्तर नकलेचे नसून पर्यायाचे असते. सोनीच्या तबकडीने कार्ट्रिजला पर्याय दिला. कापसात तो नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने द्यावयाचा आहे. त्यांच्या संशोधनावरील खर्चात काटकसर करणारे सरकार शेतकऱ्याला पुन्हा कुलपाचे भाडे भरावयास लावील, हे विसरता कामा नये.