रात्री तीनचं पाणी

सोसायट्यांच्या पाणीमीटरचे तासातासाचे आकडे हाती आले, की मी आधी रात्री दोन ते चारचे रकाने बघतो. सकाळी सातच्या वापराला धरबंध नसतो; पाहुणे असतात, धुणं असतं. रात्री मात्र एखादा फ्लश सोडला तर मीटर थांबायला हवा. तो तासाला लिटरभर सरकतच असेल, तर कुठेतरी गळतंय. महिन्याला ७२० लिटर.

मशीन लर्निंगची तऱ्हा वेगळी. आम्ही वापरतो ती ‘आयसोलेशन फॉरेस्ट’ ही पद्धत लिऊ, टिंग आणि झोऊ यांनी २००८ साली मांडली. गळती म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवत नाही. आकड्यांच्या गर्दीत ती वाटेल तिथे रेघा मारत जाते आणि कोणता दिवस किती रेघांत एकटा पडतो ते मोजते. चारचौघांसारखा दिवस सुटा करायला पुष्कळ रेघा लागतात. विचित्र दिवस थोडक्यात बाजूला पडतो.

खोच अशी, की शंभरातले किती दिवस विचित्र धरायचे हे बहुधा आपणच ठरवून देतो. दोन म्हटलं की ती दोन काढून देणारच, भले एकही नळ गळत नसो. मग यादीत नरक चतुर्दशी येते, कारण त्या पहाटे अख्खी इमारत अभ्यंगस्नानाला उठलेली असते. मे महिन्यात गावी गेलेल्यांचं शून्य येतं आणि बंद पडलेल्या मीटरचंही; यंत्राला दोन्ही सारखीच. पाणी ठरावीक वेळीच सुटतं तिथे रिकाम्या नळातली हवासुद्धा मीटर फिरवते.

खरी फजिती पुढेच आहे. एखाद्या घरातली फ्लशची टाकी नोंदी सुरू झाल्यापासूनच गळत असेल, तर त्या घराची रीतच ती, असं यंत्र धरून चालतं. प्लंबर व्हॉल्व्ह बदलून जातो, तो दिवस मात्र विचित्र ठरतो!

म्हणून चोवीस तासांत एकदाही न थांबलेले मीटर मी साध्या नियमानं आधीच वेगळे काढतो. यंत्राकडे जातं ते उरलेलं: उघडा राहिलेला नळ, अचानक फुटलेला पाइप. तिथे त्याची नजर माझ्यापेक्षा तेज आहे.

तुमच्या घरी मीटर असेल तर आज झोपताना आकडा लिहून ठेवा. रात्रभर पाणी न वापरताही सकाळी तो बदललेला दिसला, तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात रंग भांड्यात उतरला, तर प्लंबरला बोलवा.