सराव सामना आणि माझ्या सहा कुंड्या

तुम्ही पीएचडीला प्रवेश घेणार असाल किंवा नुकताच घेतला असेल, तर पहिल्या दोन वर्षांत एक छोटा प्रयोग तुम्ही नक्की करणार. त्याला कुणी पायलट म्हणतं, कुणी पूर्वचाचणी. त्या छोट्या प्रयोगाला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता नाही, हे आज सांगायचं आहे. मला ते आठ महिने वाया घालवून कळलं. पण माझी रडकथा नंतर. आधी रग्बी.

रग्बीच का? माझा लॅबमेट शाळेत असताना रग्बी खेळलेला. २०२३ च्या विश्वचषकाच्या वेळी त्याने मला सामने बघायला बसवलं आणि त्याआधीच्या सराव सामन्यांपासून इंग्लंडच्या संघनिवडीवर चाहते जो वाद घालत होते, तो ऐकवला. मी मूळचा क्रिकेटवाला, नियमही नीट माहीत नव्हते. तरी तो वाद ओळखीचा वाटला. आमच्या लॅब मीटिंगमध्ये आम्ही असंच बोलतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये काय झालं

विश्वचषक सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये सुरू होणार होता. त्याआधी इंग्लंडने चार सराव सामने खेळले.

५ ऑगस्ट, कार्डिफ: वेल्सकडून ९-२० हार.
१२ ऑगस्ट, ट्विकनहॅम: वेल्सवर १९-१७ विजय.
१९ ऑगस्ट, डब्लिन: आयर्लंडकडून १०-२९ हार.
२६ ऑगस्ट, ट्विकनहॅम: फिजीकडून २२-३० हार.

फिजीकडून इंग्लंड याआधी कधीच हरला नव्हता. चारपैकी तीन हरल्यावर चाहत्यांचं डोकं फिरणं साहजिक होतं. सगळ्यात मोठा वाद दहा नंबरचा. रग्बीत पंधरा खेळाडू असतात आणि पाठीवरच्या आकड्यावरून जागा कळते. दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ. चेंडू पळवायचा, पास करायचा की लाथेने पुढे मारायचा, हे बहुतेक वेळा तो ठरवतो. इंग्लंडकडे या जागेसाठी तिघे होते: कर्णधार ओवेन फॅरेल, अनुभवी जॉर्ज फोर्ड आणि तरुण, चपळ मार्कस स्मिथ. प्रत्येकाचा एकेक गट, आणि प्रत्येक गट पुरावा म्हणून सराव सामनेच पुढे करायचा.

एका वेळी किती गोष्टी बदलल्या?

पुरावा तपासू. पहिल्या सामन्यात दहा नंबरला स्मिथ, दुसऱ्यात फॅरेल, तिसऱ्यात फोर्ड. वरवर पाहिलं तर छान प्रयोग वाटतो: तीन उपचार, तीन निकाल. स्मिथ हरला, फॅरेल जिंकला, फोर्ड हरला. म्हणजे फॅरेल?

थांबा. पहिल्या आणि दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्धी वेल्सच होता, पण मैदान बदललं आणि आजूबाजूचे खेळाडूही बदलले. दुसऱ्या सामन्यात फॅरेलला धोकादायक टॅकलसाठी लाल कार्ड मिळालं, तो बाहेर गेला, आणि शेवटी विजयाची पेनल्टी बदली म्हणून आलेल्या फोर्डने मारली. मग हा विजय कुणाच्या खात्यात लिहायचा? तिसऱ्या सामन्यात समोर आयर्लंड, म्हणजे त्या वेळचा जगातला अव्वल संघ, आणि बिली व्हुनिपोलाला लाल कार्ड मिळाल्यामुळे इंग्लंड बराच वेळ चौदा जणांनी खेळलं.

संशोधनाच्या भाषेत याला कन्फाउंडिंग म्हणतात. ज्या घटकाचा परिणाम मोजायचा आहे, त्याच्यासोबत दुसरेही घटक बदलत असतील तर निकालातला कुठला वाटा कुणाचा, हे वेगळं काढता येत नाही. तुमच्या प्रयोगात ते दुसरे घटक म्हणजे रसायनाची नवी बाटली, वेगळा ऋतू, यंत्र चालवणारा वेगळा माणूस.

चार सामने म्हणजे किती पुरावा?

समजा, एखादा संघ खरोखर चांगला आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. असा संघ चारपैकी तीन किंवा चारही सामने हरेल, याची शक्यता किती? वहीवर करून बघा. बरोबर तीन हरण्याची शक्यता ४ × ०.६ × ०.४³, म्हणजे ०.१५३६. चारही हरण्याची ०.४⁴, म्हणजे ०.०२५६. बेरीज ०.१७९२, साधारण १८ टक्के. म्हणजे असे शंभर चांगले संघ घेतले तर अठरा संघांचे चाहते ऑगस्टअखेर प्रशिक्षकाला हाकला म्हणत असतील.

किकरचंही तसंच. ८० टक्के अचूक किकरने सामन्यात पाच किक घेतल्या, तर तीन किंवा त्याहून कमी यशस्वी होण्याची शक्यता २६ टक्के. ७० टक्केवाल्याच्या पाचपैकी चार किंवा पाच बसण्याची शक्यता ५३ टक्के. एका सामन्यात कमी अचूक किकर सरस दिसला तर त्यात नवल काही नाही.

(इथे प्रत्येक सामना, प्रत्येक किक एकमेकींपासून स्वतंत्र धरली आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. पण अंदाज यायला एवढं पुरे.)

जो खेळलाच नाही, त्याचं काय?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि वादात तो सहसा येत नाही.

प्रशिक्षक स्टीव्ह बोर्थविक यांनी विश्वचषकाचा ३३ जणांचा संघ ७ ऑगस्टलाच जाहीर केला, म्हणजे चारपैकी एकच सराव सामना झालेला असताना. त्या यादीत नऊ नंबरचा, म्हणजे स्क्रम-हाफच्या जागेचा, ॲलेक्स मिचेल नव्हता. १२ ऑगस्टच्या सामन्यात यादीतल्या जॅक व्हॅन पोर्टफ्लिटचा घोटा दुखावला, तो स्पर्धेबाहेर गेला आणि मिचेलला बोलावलं. ९ सप्टेंबरला मार्सेयमध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मिचेल सुरुवातीपासून मैदानात होता. पुढे उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामन्यांतही नऊ नंबरला तोच.

आता कल्पना करा, तो घोटा दुखावलाच नसता. मिचेल घरी बसून सामने बघत असता आणि त्याला वगळणं चूक होतं की बरोबर, याची एकही नोंद कुठे राहिली नसती. निवडलेल्यांची कामगिरी दिसते, वगळलेल्यांची दिसत नाही. म्हणून निवडीचा निर्णय कसा होता, हे नुसत्या निवडलेल्यांकडे बघून ठरवता येत नाही. 'तसं केलं असतं तर काय झालं असतं' या न घडलेल्या बाजूला प्रतितथ्य म्हणतात. संशोधनात नियंत्रण गट ठेवायचा तो यासाठीच. आपण काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, ते तो गट दाखवतो.

मग सराव सामना खेळायचा कशाला?

यादी आधीच ठरली असेल तर सामने खेळायचे कशाला, असं तुम्ही विचाराल. त्यांचं काम वेगळं असतं. दुखापतीतून परतलेला खेळाडू ऐंशी मिनिटं टिकतो का? लाइन-आउटचे नवे इशारे गोंगाटात कळतात का? टॅकलची उंची नियमात बसते का? (या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडला दोन लाल कार्डांतून मिळालं.) हे सगळे प्रश्न पद्धतीचे आहेत, आणि त्यांची उत्तरं एका सामन्यातही मिळतात. 'आपण विश्वचषकात किती पुढे जाऊ' किंवा 'तिघांत श्रेष्ठ कोण' या प्रश्नांना सराव सामना फार कमी उत्तर देतो.

पायलटचंही तसंच आहे. उपकरण चालतं का, नमुने वाहतुकीत टिकतात का, एका दिवसात किती मोजमापं होतात, प्रश्नावलीतला कुठला प्रश्न लोकांना कळत नाही, हे त्याला विचारा. गृहीतक खरं की खोटं, हे विचारू नका.

माझ्या सहा कुंड्या

आता रडकथा. दुसऱ्या वर्षी मी ज्वारीच्या रोपांवर पाण्याच्या ताणाचा एक छोटा प्रयोग केला. बियाण्यावर एक विशिष्ट प्रक्रिया केली तर रोप ताण अधिक सोसेल, हे माझं गृहीतक. सहा कुंड्या: तीन प्रक्रियेच्या, तीन बिनप्रक्रियेच्या. फरक इतका ठळक आला की त्याच रात्री मी परिषदेसाठी सारांश लिहायला घेतला. पुढच्या आठ महिन्यांचं नियोजन 'परिणाम आहेच' असं धरून केलं आणि सगळा वेळ तो परिणाम कशामुळे होतो, हे शोधण्यात घातला.

मग अठ्ठेचाळीस कुंड्यांचा मोठा प्रयोग केला. फरक जवळपास नाहीसा झाला.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्या सहा कुंड्या तू कशासाठी लावल्या होत्यास?" मला उत्तर देता येईना. वही काढली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'ताणाचा कालावधी किती दिवस ठेवावा हे ठरवण्यासाठी.' त्या प्रश्नाचं उत्तर सहा कुंड्यांनी चोख दिलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या वहीत सापडली. दोन्ही गटांत जरा जास्त रोपं उगवली होती, आणि त्यातली कुठली ठेवायची हे मी डोळ्यांनी ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नाही. फोटो बघितले तर प्रक्रियेच्या कुंड्यांत मी सरसकट टवटवीत रोपं ठेवलेली. मुद्दाम नाही, पण ठेवलेली. संघनिवड मीच केली होती आणि निकालाचं श्रेय प्रक्रियेला दिलं होतं.

निकाल बघून शहाणपण नको

पुढे इंग्लंडचं काय झालं? अर्जेंटिनाविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला टॉम करी बाहेर गेला आणि परतला नाही. तरी इंग्लंड २७-१० जिंकलं आणि सत्तावीसच्या सत्तावीस गुण फोर्डचे. उपांत्यपूर्व फेरीत त्याच फिजीला ३०-२४ हरवलं. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून १५-१६ अशी एका गुणाने हार झाली. त्यात इंग्लंडचे पंधराही गुण फॅरेलचे. शेवटी तिसरा क्रमांक.

म्हणजे बोर्थविक बरोबर आणि चाहते चूक? हे म्हणणंही घाईचं. सोडत २०२० मध्येच काढलेली असल्यामुळे आयर्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे चारही बलाढ्य संघ उपांत्य फेरीआधी इंग्लंडसमोर येणारच नव्हते. एका गुणाने काहीही होऊ शकलं असतं. चांगल्या निर्णयाचा निकाल वाईट लागू शकतो आणि वाईट निर्णयाचा चांगला. निर्णय तपासायचा तो घेताना हाताशी असलेल्या माहितीवरून.

तुमच्या वहीसाठी

पायलट सुरू करण्याआधी पहिल्या पानावर चार ओळी लिहा आणि खाली तारीख टाका.

१. ही चाचणी नेमक्या कोणत्या प्रश्नासाठी आहे?
२. कोणता प्रश्न मी हिला विचारणार नाही?
३. कुठला नमुना कुठल्या गटात, हे कोण ठरवणार? (उत्तर 'मी, बघून' असेल तर चिठ्ठ्या टाका.)
४. वगळलेल्या नमुन्यांची नोंद कुठे असेल?

निकाल आल्यावर आधी हे पान वाचा, मग आलेख काढा. मी आता तसंच करतो. लॅबमेट मात्र अजूनही म्हणतो की दहा नंबरला स्मिथच हवा होता. पुरावा काय, असं विचारलं की तो कार्डिफचा सामना सांगतो. तो तर आपण हरलो होतो, असं म्हटलं की म्हणतो, "अरे, तो सराव सामना होता."