डार्करूममधील छायामुद्रणासाठी कागदाच्या पृष्ठभागाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
कृष्णधवल छायाचित्राचा विचार करताना कॅमेरा, भिंग, फिल्म आणि विकासक यांची चर्चा विस्ताराने होते. ज्या कागदावर चित्र अखेर उमटते, त्याच्या पृष्ठभागाचा विचार मात्र बहुधा शेवटी आणि केवळ आवडीनिवडीचा भाग म्हणून केला जातो. वस्तुतः चित्रातील काळा रंग किती गडद दिसेल आणि छायेतील तपशील डोळ्यांना कितपत जाणवेल, हे ठरविण्यात पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो. पृष्ठभागाची निवड ही सजावटीची बाब नसून छटांच्या मर्यादेची निवड आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कागदाची रचना :
डार्करूममध्ये वापरला जाणारा कागद प्रामुख्याने दोन प्रकारचा असतो. पहिल्या, म्हणजे फायबर-बेस प्रकारात, कागदावर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर असतो. त्याला बरायटा म्हणतात. त्यावर जिलेटिनमध्ये चांदीचे प्रकाशसंवेदी क्षार मिसळून केलेले इमल्शन चढविलेले असते. दुसरा प्रकार रेझिन-कोटेड कागदाचा होय. यात कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिएथिलीनचे आवरण असते. १९७० च्या दशकापासून हा कागद सर्वत्र रूढ झाला, कारण तो लवकर धुतला जातो, लवकर वाळतो आणि वाळताना गुंडाळला जात नाही. ग्लॉसी, पर्ल, सॅटिन, मॅट ही नावे या दोन प्रकारांची नसून त्यांच्या वरच्या पृष्ठभागाची आहेत. मॅट पृष्ठभागासाठी वरच्या थरात सिलिका किंवा स्टार्चसारखे सूक्ष्म कण मिसळले जातात. पर्लसारखा पोत आधाराच्या थरावर ठसा उमटवून साधला जातो.

चकाकी आणि काळ्याची खोली :
जिलेटिनच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश इमल्शनमध्ये न शिरताच परावर्तित होतो. ग्लॉसी कागदावर हा प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने जातो. दिवा योग्य कोनात असल्यास तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मॅट कागदावर तोच प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि त्याचा काही भाग कोठूनही पाहिले तरी डोळ्यांत येतो. परिणामी काळ्या भागावर राखाडी रंगाचा पातळ पडदा पसरल्यासारखा दिसतो.

हा फरक अंकांत मांडता येतो. ग्लॉसी कागदाची कमाल परावर्तन-घनता साधारणतः २.१ च्या आसपास, तर मॅट कागदाची १.६ च्या आसपास असते. घनता २.१ म्हणजे काळ्या भागातून सुमारे ०.८ टक्के प्रकाश परत येणे, आणि १.६ म्हणजे सुमारे २.५ टक्के. कोऱ्या कागदावरून सुमारे ८९ टक्के प्रकाश परत येतो असे धरल्यास ग्लॉसीवर पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण ११० : १ च्या जवळ जाते, तर मॅटवर ते ३५ : १ इतकेच उरते.

ओल्या प्रिंटची फसवणूक :
धुण्याच्या ट्रेमधील मॅट प्रिंट ग्लॉसीइतकाच गडद दिसतो, कारण पाण्याचा थर पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचसखलपणा भरून काढतो. प्रिंट वाळला की हा आधार जातो, काळा रंग फिका पडतो आणि उजळ भागही किंचित मंदावतात. अशा वेळी काळा गडद व्हावा म्हणून प्रकाशनाचा काळ वाढविण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते. कमाल घनता आधीच गाठलेली असल्यामुळे काळ्यात भर पडत नाही. उलट मधल्या छटा गडद होऊन त्याच राखाडीत मिसळतात आणि छायेतील तपशील बुजतो. म्हणून चाचणी-पट्टी पूर्णपणे वाळवूनच तिच्यावरून निर्णय घेणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक संदर्भ :
विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या प्लॅटिनम मुद्रणपद्धतीत प्रतिमा कागदाच्या तंतूंतच असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग मॅट असतो. चित्रकलेशी नाते सांगणाऱ्या पिक्टोरियलिस्ट छायाचित्रकारांना ही मृदुता प्रिय होती. नोव्हेंबर १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात 'ग्रुप एफ/६४' चे प्रदर्शन भरले. एडवर्ड वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींच्या या गटाने काटेकोर तपशिलाचा आग्रह धरला आणि त्यासाठी ग्लॉसी कागद स्वीकारला. अ‍ॅडम्स यांच्या १९३० च्या 'टाओस प्वेब्लो' या ग्रंथातील चित्रे मात्र विल्यम डॅसनव्हिल यांनी इमल्शन चढविलेल्या मॅट कागदावरच छापलेली होती. पृष्ठभागातील हा बदल म्हणजे दृष्टिकोनातील बदल होता.

निवडीचे निकष :
पहिला निकष निगेटिव्हचा. ज्या चित्राचा आशय गडद छायेतील तपशिलात आहे, त्यासाठी ग्लॉसी कागद योग्य ठरतो. ज्याचा आशय धुके, त्वचा, पांढरी भिंत अशा उजळ आणि मधल्या छटांत आहे, त्याची मॅटवर फारशी हानी होत नाही. दुसरा निकष उपयोगाचा. वृत्तपत्रे व नियतकालिके हाफटोन ब्लॉकसाठी ग्लॉसी प्रिंट मागत, तर हाताने रंगविण्यासाठी व पेन्सिलने रिटचिंग करण्यासाठी रंग धरून ठेवणारा मॅट पृष्ठभाग सोयीचा असे. स्कॅनिंगसाठी गुळगुळीत प्रिंट बरा, कारण पर्लच्या पोतावर प्रकाशाचे ठिपके उमटतात. तिसरा निकष हाताळणीचा. ग्लॉसीवर बोटांचे ठसे आणि ओरखडे चटकन दिसतात, त्यामुळे हातोहाती फिरणाऱ्या चित्रांसाठी पर्ल अधिक सोयीचा असतो.

वाळविण्याची पद्धतही पृष्ठभाग घडविते. ग्लॉसी फायबर कागद हवेवर वाळविल्यास त्याला सौम्य चकाकी येते. गुळगुळीत क्रोम पत्र्यावर दाबून ग्लेझिंग केल्यास ती आरशासारखी होते. रेझिन-कोटेड कागद तापलेल्या ग्लेझिंग यंत्रावर ठेवू नये, कारण त्यावरील पॉलिएथिलीन वितळते.

निष्कर्ष :
कोडॅकने २००५ मध्ये कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. त्यानंतर निवडीची व्याप्ती आक्रसली असली तरी इलफोर्ड आणि फोमा यांचे कागद आजही मिळतात आणि ग्लॉसी की मॅट हा मूळ प्रश्न कायम आहे. ग्लॉसी पृष्ठभाग छटांचा विस्तार देतो, पण दिव्याचा कोन सांभाळण्याची अट घालतो. मॅट पृष्ठभाग कोणत्याही कोनातून निवांतपणे पाहू देतो, पण त्याची किंमत काळ्याच्या खोलीतून वसूल करतो. छायाचित्रण शिकविणाऱ्या अध्यापकाने एकच निगेटिव्ह दोन्ही कागदांवर छापून, दोन्ही प्रिंट वाळल्यानंतर शेजारी-शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्यांना हा व्यवहार प्रत्यक्ष पाहूनच उमगेल.