साबणावाचून धुणे

वस्त्रांचा मळ घालविण्यासाठी मनुष्याने आजवर नाना युक्त्या योजिल्या. राख, खारी माती, रिठे, साबण आणि धुण्याची पूड ही सारी त्याच प्रयत्नांची फळे होत. गेल्या काही दशकांत त्यांत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे धुण्याचा चेंडू. हा चेंडू प्लॅस्टिकचा असून साधारणपणे मुठीएवढा असतो. कोणात चिनी मातीच्या बारीक गोट्या असतात, कोणात लोहचुंबक, तर कोणात रंगीत द्रव. विकणारे सांगतात, की हा चेंडू कपड्यांबरोबर धुण्याच्या यंत्रात टाका, म्हणजे साबण नको आणि पूडही नको. पैसा वाचेल आणि नद्यांचे पाणीही दूषित होणार नाही. हे म्हणणे खरे असेल, तर प्रत्येक घराने हा चेंडू अवश्य घ्यावा. खोटे असेल, तर त्यापायी पैसा जाईल आणि मळ मात्र कपड्यांतच राहील. म्हणून त्याची नीट पारख केली पाहिजे.

प्रथम मळ म्हणजे काय, ते पाहू. कपड्यांवरील सर्व मळ एकाच जातीचा नसतो. घामातील मीठ किंवा सांडलेले सरबत पाण्यात सहज विरघळते. कोरडी धूळ खळबळल्याने सुटते. परंतु आपल्या अंगाचा तेलकटपणा आणि अन्नातील तेलतूप ह्यांचे तसे नाही. ते धाग्यांना चिकटून बसतात आणि धुळीलाही धरून ठेवतात. सदऱ्याची कॉलर लवकर काळी पडते, ती ह्यामुळेच. पाण्याचे आणि तेलाचे जमत नाही, हे तर आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो.

हे वैर साबण मिटवितो. साबणाच्या प्रत्येक रेणूला जणू एक डोके आणि एक लांब शेपूट असते. डोक्याला पाणी प्रिय, तर शेपटाला तेल. तेलकट मळापाशी आल्यावर असंख्य रेणू आपली शेपटे त्या तेलात रुतवितात आणि डोकी बाहेर पाण्याकडे ठेवतात. कपडा चोळला, की तेलाचे बारीक बारीक थेंब सुटतात. त्यांच्याभोवती साबणाचे वेष्टन असल्यामुळे ते पुन्हा कपड्याला न चिकटता पाण्याबरोबर वाहून जातात. शिवाय, साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण जवळजवळ निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो आणि पाणी धाग्याधाग्यांत शिरते. धुण्याच्या पुडीतील अपमार्जकेही हेच कार्य करतात.

आता चेंडूकडे वळू. तो यंत्रात कपड्यांवर आपटतो, हे खरे. परंतु कपडे घुसळण्याचे काम यंत्र स्वतःच करीत असते. काही विक्रेते म्हणतात, की चेंडूमुळे पाण्याच्या रेणूंचे पुंजके फुटतात आणि ते पाणी कपड्यांत अधिक खोल शिरते. वस्तुतः पाण्याच्या रेणूंमधील बंध सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही पुष्कळ कमी काळात आपोआप तुटतात आणि पुन्हा जुळतात. त्यांना फोडण्यासाठी चेंडूची गरज नाही. तेलाला धरून पाण्यात आणील, असे तर त्या चेंडूत काही नसते. काही चेंडूंतील गोट्यांत सोडा किंवा अपमार्जक मिसळलेले असते. असे चेंडू थोडेफार धुतात. परंतु ते श्रेय त्या सोड्याचे, आणि तो झिजून संपला की गुणही संपला.

मग पुष्कळ लोक चेंडूची प्रशंसा का करतात? त्यांनी चेंडू घालून कपडे धुतले आणि ते पूर्वीपेक्षा स्वच्छ निघाले, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यांच्या पाहण्यात खोट नाही. मात्र त्याच वेळी पाणीही होते आणि घुसळणेही होते. चेंडू नसता, तर कपडे कितपत स्वच्छ निघाले असते, हे त्यांनी पाहिलेलेच नसते. नुसत्या पाण्यानेही, विशेषतः कोमट पाण्याने, बराचसा मळ निघून जातो. त्याचे श्रेय चेंडूला मिळते.

ही शंका फेडण्याचा मार्ग सोपा आहे. एकाच जुन्या पांढऱ्या कापडाचे तीन सारखे तुकडे घ्या. कोपऱ्यांत एक, दोन आणि तीन टाके घालून त्यांवर खूण करा. तेलात थोडी काजळी खलून तिन्हींवर सारखाच डाग पाडा. तीन बादल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. एकीत काहीच घालू नका, दुसरीत चेंडू टाका आणि तिसरीत साबण विरघळवा. प्रत्येक तुकडा सारखाच वेळ सारखाच ढवळा व वाळू द्या. मग कोणता तुकडा कोणत्या बादलीतला, हे ज्याला ठाऊक नाही, अशा मनुष्याकडून निवाडा करवून घ्या. ह्यातील पहिली बादली कोणी विसरता कामा नये. तिच्यावाचून दुसरीची किंमत कळत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न सरकारपर्यंत गेला होता. तेथे द्रवाने भरलेला एक चेंडू, साबणाच्या तोडीचा म्हणून, विकला जात होता. तेथील फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी मंडळाने तो दावा खोटा असल्याचा आरोप ठेवला. अखेर १९९९ साली विक्रेत्यांना तडजोड करून असे दावे थांबविण्याचे मान्य करावे लागले.

तथापि ह्यावरून साबणाखेरीज सारेच व्यर्थ, असे समजू नये. रिठा हा कारखान्यातील साबण नव्हे. तरीही आपल्याकडे रेशमी व लोकरी वस्त्रे रिठ्याच्या पाण्यात धुण्याची चाल जुनी आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्याही रेणूंचा एक भाग पाण्याकडे, तर दुसरा तेलाकडे ओढ घेतो. म्हणूनच रिठा फेसाळतो आणि मळ काढतो. नद्यांविषयीची काळजीही रास्तच आहे. त्यासाठी पूड मोजून, जरुरीपुरतीच वापरावी. थोडा मळलेला कपडा नुसत्या पाण्यातून काढला तरी चालतो, आणि त्याला चेंडूचा खर्चही नको.

मुलांनो, अमुक वस्तूने गुण आला, असे तुम्ही पुढे पुष्कळदा ऐकाल. कधी ती वस्तू औषध असेल, कधी खत, तर कधी एखादे यंत्र असेल. अशा वेळी सांगणाऱ्याला खोटे न पाडता नम्रपणे एवढेच विचारा, की ह्या वस्तूवाचून काय झाले असते? उत्तर ठाऊक नसेल, तर आणखी एक बादली भरून घ्या आणि स्वतः पाहा.