शेवटचे एकवीस गेले कुठे?

वरळी कोळीवाड्यात राहणारा नववीचा एक विद्यार्थी परवा एक कागद घेऊन आला. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग त्याने संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात काढला होता. उत्तर होते १२३४५६७८९८७६५४३००. "सर, आकडे इतके छान चढतात आणि उतरतात. मग शेवटी दोन शून्ये कशी?"

शंका रास्त होती. एककाच्या घरी १ असलेल्या संख्येच्या वर्गात एककाच्या घरी १ च हवा. दुसरी कसोटी नवाची. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. तिच्या वर्गालाही जायलाच हवा. पण कागदावरच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ७८. तिला ९ ने भाग जात नाही. म्हणजे उत्तर चूक!

मग खरे उत्तर कोणते? आधी १११ चा वर्ग मांडून पाहा :

१११
१११०
१११००
———
१२३२१

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या रांगांत अनुक्रमे १, २, ३, २, १ इतके एक येतात. नऊ एकांसाठी अशा नऊ ओळी होतात. मधल्या रांगेत नऊ एक येतात, हातचा कुठेच येत नाही आणि उत्तर मिळते १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१, कसोटी उतरली!

तक्ता पंधराच अंक नेमके दाखवतो. ही संख्या सतरा अंकी असल्यामुळे शेवटच्या दोन घरांत त्याने शून्ये भरली. मी त्या मुलाला म्हटले, "तुझ्या आईच्या मासळीच्या हिशेबात एकवीस रुपये कमी आले, तर ती गप्प बसेल का?" तो हसला.

अशा संख्यांचा नाद आपल्याकडच्या एका शिक्षकांना होता. नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी त्यांना 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. आपल्या संख्येचे तीन भाग करा : १२३४५६७८, ९ आणि ८७६५४३२१. पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज करा. ती येते ९९९९९९९९. मधला ९ च पुन्हा पुन्हा! १२३२१ मध्येही १२ आणि २१ मिळून ३३ होतात. कापरेकरांचे हे काम कागद-पेन्सिलीवरच चाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रांगेत दहा एक येतात, हातचा सुरू होतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ कुठे गेला, ते हातचे मांडून शोधा. मग अकरा एकांचा वर्ग कागदावर करा. उत्तराच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून बाकी ४ उरली नाही, तर हिशेब पुन्हा तपासा!