नॉमिनी, सातबारा आणि बहिणीची सही

तेरावा होतो, पाहुणे पांगतात आणि कपाटातली फाइल बाहेर येते. फ्लॅटचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेची पासबुकं, गावच्या जमिनीचा सातबारा. मग घरातलं कुणीतरी जाणतं माणूस ठामपणे सांगतं, ‘‘नॉमिनी धाकटा आहे, म्हणजे फ्लॅट त्याचाच.’’ भावाभावांना कोर्टाची पायरी चढायला लावणारी जी काही वाक्यं आहेत, त्यांत हे वरच्या क्रमांकाचं.

नॉमिनी मालक नसतो. खातेदार गेल्यावर पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढाच प्रश्न नॉमिनेशनने सुटतो. खरे वारस कोण, हे ठरवत बसणं बँकेला किंवा कंपनीला परवडणारं नसतं. नॉमिनीला रक्कम दिली की तिची जबाबदारी संपते, नॉमिनीची मात्र तिथून सुरू होते. त्याने ती रक्कम वारसांपर्यंत पोचवायची असते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 साली सरबती देवी खटल्यात सांगितलं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत काही काळ उलटसुलट निकाल होते. त्यावर डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पडदा पडला. नॉमिनीमुळे वारसांचा हक्क जात नाही, हेच तिथेही ठरलं. अपवाद म्हणायचा तर विम्याचा. आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर 2015 च्या दुरुस्तीने त्यांचं स्थान अधिक बळकट केलं आहे. त्यामुळे विम्याच्या वादात 1984 च्या निकालावर डोळे मिटून विसंबू नये.

फ्लॅटचं काय? महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हटलं आहे, वारस सभासद होईपर्यंतचा. तरीही शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं की फ्लॅट विकायला काढणारे नॉमिनी आहेत आणि त्यांना मान डोलावणाऱ्या कमिट्याही.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल आणि गेलेली व्यक्ती हिंदू पुरुष असेल (या कायद्यात बौद्ध, जैन, शीखही येतात), तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. ‘नवऱ्याचं ते सगळं बायकोचं’ हा समज इथे कोसळतो. पंचेचाळिशीतला माणूस अचानक गेला. मागे पत्नी, दोन मुलं आणि म्हातारी आई असली, तर चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. आईचं नाव बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानातही येत नाही. वडील मात्र या वर्गात नाहीत, आणि ते ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

ही वाटणी नको असेल तर मृत्युपत्र करावं. त्याला स्टँप पेपर लागतो, ते नोंदवावंच लागतं, हे दोन्ही समज चुकीचे. साध्या कागदावर लिहिलेलं, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र कायद्याने पुरेसं आहे. नोंदणी केली तर ते सिद्ध करणं सोपं जातं, म्हणून करावी. पण नोंदणीकृत मृत्युपत्रही नंतरच्या साध्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं. गोव्यात मात्र एवढी मोकळीक नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या तिथल्या वारसा कायद्यात मुलाबाळांसाठी निम्मा वाटा राखीव असतो आणि मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही.

‘बापाची इस्टेट, म्हणजे माझा जन्मसिद्ध हक्क’ असं म्हणणाऱ्या चिरंजीवांसाठी एक वाईट बातमी. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर वडिलोपार्जित नसतं. ते हयात असताना मुलाला त्यात वाटणी मागता येत नाही, आणि ते घर त्यांनी एखाद्या संस्थेला देऊन टाकलं तरी तो त्यांचा अधिकार आहे. असं घर मृत्युपत्राविना मुलाकडे आलं, तरी ते त्याचं स्वतःचं ठरतं. नातवाला त्यात जन्माने हक्क मिळत नाही, हे 1986 च्या चंदर सेन निकालापासून स्पष्ट आहे.

सर्वांत चिवट गैरसमज मुलींबद्दलचे. ‘मुलींना हक्क 2005 नंतर मिळाला’ हे अर्धंच खरं आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासून आहे. 2005 साली मिळाला तो एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क. महाराष्ट्राने त्यासाठी 22 जून 1994 पासूनच कायदा केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. ‘वडील 2005 च्या आधी वारले, आता काही मिळायचं नाही’ हा युक्तिवादही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मोडीत काढला. अडचण एकच: 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं असेल, तर ते उकरून काढता येत नाही. लग्नात सोनं दिलं, हुंडा दिला, दर दिवाळीला साडी दिली, यांतल्या कशानेही वाटा फिटत नाही.

आणि सातबारा? त्यावरचं नाव खरं धरलं जातं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही की जातही नाही. वारस नोंदीत बहिणींची नावं गाळली म्हणून त्यांचा हिस्सा बुडत नाही. घरपट्टी आणि लाइटबिलाची तर गोष्टच नको.

हिस्सा जातो तो सहीने. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात, तिथला कागद बहुतेकदा हक्कसोडपत्राचा असतो. जमीन किंवा घरावरचा हक्क सोडायचा तर तो नोंदणीकृतच लागतो. नोटरी केलेला स्टँप पेपर पुरत नाही, म्हणून तर तिला तिथवर नेलेलं असतं. फसवणूक झाल्याचं नंतर कळलं, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो आणि फसवणूक तिलाच सिद्ध करावी लागते. तेव्हा राजीखुशीने हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण सहीआधी कागद घरी आणा, पूर्ण वाचा आणि भावाने आणलेल्या नव्हे, स्वतःच्या वकिलाला दाखवा.