खातेवही एक, प्रती तीन



उसाचे बिल गावच्या बँक शाखेत जमा होते आणि नागपुरास जरीपटक्यात शिकायला राहिलेला मुलगा तिथल्या एटीएममधून दोन हजार काढतो. इकडे आपण लगेच पासबुक भरून आणले, तर ते दोन हजार वजा झालेले! "मग आपली वही ठेवली तरी कुठं?" असे सभासद विचारतात.

वही शाखेत नसते. ती बँकेच्या संगणक केंद्रात, सर्व्हर नावाच्या मशिनवर असते. मशीन आज ना उद्या बिघडणारच, म्हणून तीच वही दोन-तीन मशिनांवर ठेवतात. अशा प्रत्येक मशिनला नोड म्हणतात. त्यांतला एक मुख्य. प्रत्येक व्यवहार तो आधी आपल्या रोजकीर्दीत क्रमाने लिहितो. बाकीचे ती रोजकीर्द उतरून घेतात आणि आपापली खतावणी पुरी करतात. "उतरले" असा निरोप आल्यावरच पैसे द्यायचे, की त्याआधीच? आधी दिले तर काम झपाट्याने होते, पण त्याच क्षणी मुख्य मशीन गेले तर शेवटच्या नोंदी बुडाल्या. पैशाच्या कामात थांबलेलेच बरे, असे आमचे मत आहे.

कारखाना बंद हंगामात आपण सारी यंत्रे खोलतो. बँकेला बंद हंगाम नाही, म्हणून तिथे एका वेळी एकच नोड दुरुस्तीला काढतात. तो परत आला की मधल्या काळातली रोजकीर्द उतरून घेतो. फारच मागे पडला असेल तर सगळी वही नव्याने नकलून द्यावी लागते. तो बरोबरीला येईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

खरी अडचण वेगळीच. समजा, दोन मशिने धडधाकट आहेत, पण मधली तार तुटली. प्रत्येकाला वाटतं, दुसरा मेला, आता मीच मुख्य. खात्यात दहा हजार. एकाने जरीपटक्यात दहा दिले, दुसऱ्याने गावात दहा. यावरचा तोडगा आपल्या ओळखीचा आहे : गणपूर्ती. तिघांत दोघे, पाचांत तिघे एकत्र असतील तरच नोंद करायची. एकटा पडलेल्याने गप्प बसायचे. चार मशिने ठेवून फायदा नाही. तिथे गणपूर्ती तिघांची, म्हणजे बंद पडलेला एकच चालतो. तेवढे तीन मशिनांतही चालते. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही रीत पॅक्सोस बेटावरच्या कल्पित संसदेचे उदाहरण घेऊन मांडली. फरक इतकाच, की आपली तहकूब सभा अर्ध्या तासाने गणपूर्तीवाचून भरते. मशिनांना ती सवलत नाही.

म्हणून सभासद नोंदवही इथेही चोख हवी. पाचांच्या यादीतली दोन मशिने कायमची मोडीत निघाली आणि नावे तशीच राहिली, तर उरलेल्या तिघांतले एक अडताच काम ठप्प. मयत सभासदांची नावे वेळेवर कमी का करावीत, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

नुसती दुसरी प्रत असून भागत नाही. ती कोणी, केव्हा पुढे आणायची हेही ठरलेले हवे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला थांबला, तो दुपारी ३.४५ ला सुरू झाला. पर्यायी केंद्र चेन्नईत होते, तरी कारभार तिकडे हलवला गेला नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने दंडक घातला : महत्त्वाची यंत्रणा अडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यापुढे पाऊण तासात काम चालू करायचे.

आणखी एक. चुकीची नोंद झाली तर तीही सगळ्या प्रतींत इमानाने उतरते. त्यासाठी जुन्या तारखेची नक्कल निराळी जपावी लागते. तिची गणती या तीन प्रतींत नाही.

खात्यातून रक्कम वजा झाली, पण एटीएममधून नोटा आल्या नाहीत, असेही कधी होते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. पावती जपून ठेवा, आणि नसेल तर तारीख व वेळ लिहून शाखेत अर्ज द्या.